मॉनिटर आणि थ्रेड-सेफ ऑब्जेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे: नाटकाच्या तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर. एका प्रयोगाचा एक प्लॅन, म्हणजे कुठली खुर्ची गेली आणि कुठली शिल्लक आहे याचा तक्ता. नाट्यगृहाची खिडकी, फोनवरचं बुकिंग आणि मोबाइल ॲप यांचे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे वेगवेगळे प्रवाह, त्या प्लॅनवर काम करतात. विवेचन मुख्यतः जावाच्या अंगाने केलं आहे, कारण जावात प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच मॉनिटर मिळतो. इतर भाषांबद्दल पुढे आहे.

दोन थ्रेडनी एकच ऑब्जेक्ट वापरला तर बिघडतं काय?

प्लॅनमध्ये 'शिल्लक' नावाचा आकडा आहे, समजा ४०. तिकीट विकलं की तो एकाने कमी करायचा. कोडमध्ये ही एकच ओळ आहे, पण यंत्राच्या दृष्टीने ती तीन कामं आहेत: आकडा वाचा, एक वजा करा, परत लिहा. खिडकीच्या थ्रेडने ४० वाचला. त्याने लिहिण्याआधीच ॲपच्या थ्रेडनेही ४० वाचला. दोघांनी ३९ लिहिला. तिकिटं दोन गेली, आकडा एकानेच उतरला.

याहून घातक प्रकार आधी तपासून मग कृती करण्याचा. 'जी-१२ रिकामी आहे का?' असं दोघांनी विचारलं, दोघांना 'हो' मिळालं, दोघांनी ती विकली. याला रेस कंडिशन म्हणतात.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओत वीज गेली, सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. त्याची कारणं अनेक होती, पण ओहायोतल्या एका नियंत्रणकक्षात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा तासाभराहून अधिक काळ गप्प पडली होती, हे त्यातलं एक मोठं कारण. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रोसेसना एकाच शेअर्ड डेटा स्ट्रक्चरवर एकाच वेळी लिहायला मिळालं, डेटा बिघडला आणि सूचना हाताळणारा भाग अनंत लूपमध्ये अडकला.

मॉनिटर म्हणजे नेमकं काय?

तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, खाजगी डेटा. दोन, त्या डेटाला हात लावणाऱ्या मेथड. त्यांपैकी कुठल्याही मेथडमध्ये एका वेळी एकच थ्रेड आत असतो; आत असण्याचा हा हक्क म्हणजे लॉक. तीन, आत आलेल्या थ्रेडला एखाद्या अटीसाठी लॉक सोडून थांबता यावं आणि अट पुरी झाली की त्याला उठवता यावं, यासाठी कंडिशन व्हेरिएबल.

मराठीत लिहिलं तर प्लॅनचा मॉनिटर असा दिसेल:

    वर्ग प्रयोगाचा_प्लॅन {
        खाजगी खुर्च्या;
        खाजगी शिल्लक;

        सिंक्रोनाइज्ड विका(खुर्ची, प्रेक्षक) {
            जर (खुर्च्या[खुर्ची] रिकामी नाही) परत 'नाही';
            खुर्च्या[खुर्ची] = प्रेक्षक;
            शिल्लक = शिल्लक - १;
            परत 'हो';
        }
    }

'सिंक्रोनाइज्ड' म्हणजे ती मेथड लॉक घेऊनच चालते. तपासणं आणि विकणं दोन्ही एकाच मेथडच्या आत आहे, हे मुद्दाम पाहा. 'रिकामी आहे का' आणि 'विका' अशा दोन वेगळ्या मेथड दिल्या असत्या, दोन्हींवर सिंक्रोनाइज्ड लिहिलं असतं, तरी जी-१२ दोनदा विकली गेली असती.

साधा लॉक असताना मॉनिटर कशाला?

लॉक ओळींभोवती घातला जातो, मॉनिटर डेटाभोवती. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि बहुतेक शिकवण्यांत ती सर्वांत कमी सांगितली जाते.

प्रत्येक शेअर्ड ऑब्जेक्टला एक नियम असतो, जो बाहेरून पाहणाऱ्याला कधीही मोडलेला दिसता कामा नये. आपल्या प्लॅनचा नियम असा: 'शिल्लक' हा आकडा रिकाम्या खुर्च्यांच्या संख्येइतकाच असला पाहिजे. 'विका' मेथडच्या मधोमध, खुर्ची भरली पण आकडा अजून उतरला नाही अशा क्षणी, तो नियम थोडा वेळ मोडलेला असतो. तो मोडलेला असताना दुसऱ्या कुणाला आत येऊ न देणं, हे मॉनिटरचं काम. लॉक सोडण्याआधी नियम पुन्हा जुळवून ठेवणं, हे तुमचं.

म्हणून 'इथे लॉक घालू का?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी ऑब्जेक्टचा नियम एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात जी जी फील्ड येतात, ती सगळी एकाच लॉकखाली यायला हवीत. नियमच लिहिता येत नसेल, तर लॉक कितीही घातले तरी ते अंदाजानेच घातलेले असतात.

ही कल्पना कुणाची?

एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात सेमाफोर मांडले, म्हणजे किती जणांना आत सोडायचं हे मोजणारे आकडे. ते ताकदवान होते, पण कोडभर विखुरलेले असत. एका जागी सोडायचं राहिलं की सगळं अडकायचं आणि कंपायलरला त्यातलं काहीच कळत नसे. सिम्युला ६७ या भाषेतल्या क्लासच्या कल्पनेवरून पेर ब्रिंच हॅन्सेन आणि टोनी होअर यांनी डेटा आणि त्याची राखण एकत्र आणली. ब्रिंच हॅन्सेन यांची मांडणी १९७३ मध्ये आली, होअर यांचा मॉनिटरवरचा प्रसिद्ध निबंध ऑक्टोबर १९७४ चा. पुढे ब्रिंच हॅन्सेन यांनी कॉन्करंट पास्कल ही भाषा केली. तिच्यात मॉनिटरच्या डेटाला बाहेरून हात लावणारा प्रोग्राम कंपाइलच होत नसे.

जावाने नाव घेतलं, पण ही सक्ती घेतली नाही. जावात फील्ड पब्लिक ठेवता येतं, एखाद्या मेथडवर सिंक्रोनाइज्ड लिहायचं विसरता येतं आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. १९९९ मध्ये ब्रिंच हॅन्सेन यांनी यावर फार कडक शब्दांत टीका केली. ती टीका रास्त होती असं मला वाटतं. जावातल्या रेस कंडिशनचा मोठा हिस्सा त्या एका सवलतीतून येतो.

'वेट' नेहमी 'व्हाइल' लूपमध्येच का लिहायचा? 'इफ' का चालत नाही?

समजा विकलेल्या तिकिटांचे एसएमएस एका रांगेत टाकले जातात आणि वेगळे थ्रेड ते पाठवतात. रांग रिकामी असेल तर पाठवणाऱ्याने थांबायचं. तो मॉनिटरमध्ये शिरतो, रांग रिकामी पाहतो आणि 'वेट' करतो. 'वेट' केल्याबरोबर लॉक सुटतो, म्हणून टाकणाऱ्याला आत येता येतं. टाकणारा एसएमएस ठेवतो आणि 'नोटिफाय' करतो.

होअर यांच्या मूळ मांडणीत सिग्नल (म्हणजे तिथला 'नोटिफाय') मिळताच मॉनिटर थेट उठणाऱ्याच्या ताब्यात जात असे, मध्ये कुणी शिरू शकत नसे. तिथे 'इफ' पुरेसा होता. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मेसा ही भाषा झाली, तिने वेगळा मार्ग धरला: सिग्नल म्हणजे फक्त 'आता बघून घे' एवढी सूचना. उठलेला थ्रेड लॉकसाठी पुन्हा बाकीच्यांबरोबर उभा राहतो. त्याला लॉक मिळेपर्यंत तिसराच थ्रेड येऊन तो एसएमएस घेऊन गेलेला असू शकतो. जावा, सी-शार्प, पायथन, सी++ आणि पॉझिक्स थ्रेड (युनिक्ससारख्या सिस्टिममधली थ्रेडची प्रमाणित पद्धत) हे सगळे मेसाच्या वाटेने जातात. शिवाय जावात आणि पॉझिक्समध्ये कुणी न उठवताही थ्रेड उठू शकतो, हे त्यांच्या अधिकृत वर्णनातच नमूद आहे.

त्यामुळे उठल्यावर अट पुन्हा तपासलीच पाहिजे:

    व्हाइल (रांग रिकामी आहे) वेट();

'इफ' लिहिलेला कोड महिनोन्महिने बरोबर चालू शकतो. गर्दी वाढली की रिकाम्या रांगेतून काढण्याचा प्रयत्न होतो, आणि तोवर तो कोड कुणी लिहिला हेही कुणाला आठवत नसतं.

'नोटिफाय' की 'नोटिफाय-ऑल'?

'नोटिफाय' थांबलेल्यांतल्या एकालाच उठवतो, 'नोटिफाय-ऑल' सगळ्यांना. शंका असेल तर 'नोटिफाय-ऑल'. कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून एक प्रसंग पायरीपायरीने पाहू.

रांगेत एकाच एसएमएसची जागा आहे. टाकणारे दोन थ्रेड, काढणारे दोन. सुरुवातीला रांग रिकामी, म्हणून दोन्ही काढणारे झोपलेले. पहिला टाकणारा एसएमएस ठेवतो आणि 'नोटिफाय' करतो. पहिला काढणारा उठतो, पण त्याला लॉक अजून मिळायचा आहे. तेवढ्यात पहिला टाकणारा पुन्हा येतो, रांग भरलेली पाहून झोपतो. दुसरा टाकणाराही येतो, झोपतो. आता पहिल्या काढणाऱ्याला लॉक मिळतो, तो एसएमएस काढतो आणि 'नोटिफाय' करतो. झोपलेले तिघे आहेत: दुसरा काढणारा आणि दोन्ही टाकणारे. जावा कुणाला उठवेल याची हमी नाही. समजा दुसरा काढणारा उठला. त्याला रांग रिकामी दिसते, तो पुन्हा झोपतो. पहिला काढणारा पुढच्या फेरीला येतो, रांग रिकामी, तोही झोपतो. आता चौघेही झोपले आहेत, रांग रिकामी आहे आणि उठवणारं कुणी उरलेलं नाही.

एकही लॉक अडकलेला नाही, म्हणून डेडलॉक (एकमेकांचे लॉक मागत थ्रेड कायमचे अडकणं) शोधणारं टूल इथे काहीच दाखवत नाही. 'नोटिफाय-ऑल' केलं असतं तर टाकणारेही उठले असते आणि काम पुढे सरकलं असतं.

चूक मुळात ही की 'रांगेत जागा आहे' आणि 'रांगेत माल आहे' या दोन वेगळ्या अटींसाठी सगळे एकाच ठिकाणी झोपले. जावा ५ मध्ये, २००४ साली, रीएंट्रंट-लॉक (सिंक्रोनाइज्डऐवजी वापरायचा वेगळा लॉक) आणि त्याच्याबरोबर हव्या तितक्या कंडिशन मिळाल्या. प्रत्येक अटीला स्वतःची कंडिशन दिली, की एकालाच उठवणं सुरक्षित होतं. आणि अशी रांग स्वतः लिहायची गरज नसेल तर लिहू नका; जावाची तयार ब्लॉकिंग क्यू आतून हेच करते.

'स्लीप' आणि 'वेट' यांत फरक काय?

'स्लीप' लॉक हातात धरून झोपतो, 'वेट' लॉक सोडून झोपतो. 'वेट' आणि 'नोटिफाय' लॉक हातात असतानाच करता येतात, नाहीतर जावा एक्सेप्शन फेकतं.

सगळ्या मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, तरी डेटा बिघडतो. का?

बहुधा डेटा बाहेर गळतो आहे. 'खुर्च्या द्या' अशी मेथड असते, ती आतली यादीच परत देते. मेथड संपली की लॉक सुटला, पण यादीचा संदर्भ बाहेरच्याच्या हातात राहिला. तो आता लॉकशिवाय यादी बदलू शकतो. प्रत परत द्या, किंवा न बदलता येणारी यादी द्या.

दुसरी शक्यता वर आलीच आहे: सुरक्षित मेथड दोनदा हाकून केलेलं काम सुरक्षित असेलच असं नाही. दोन पावलं एकत्रच व्हायला हवी असतील तर त्यांची मिळून एक मेथड करा आणि ती मॉनिटरच्या आत ठेवा.

तिसरी शक्यता: लॉक भलत्याच ऑब्जेक्टवर आहे.

लॉक कुठल्या ऑब्जेक्टवर घ्यावा?

खाजगी आणि कधीही न बदलणाऱ्या, त्याच कामासाठी बनवलेल्या ऑब्जेक्टवर. कोडमध्ये अवतरणात थेट लिहिलेल्या स्ट्रिंगवर लॉक घेऊ नका; तोच मजकूर दुसऱ्या लायब्ररीतही असेल तर जावा दोघांना एकच ऑब्जेक्ट देतं, आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे दोन भाग एकमेकांना अडवू लागतात. इंटिजर ऑब्जेक्टचंही तसंच. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट सामायिक साठ्यातून येतात. आणि मोजणीचा इंटिजर स्वतःच लॉक म्हणून वापरला, तर आकडा बदलला की ऑब्जेक्टही बदलतो. मग दोन थ्रेड दोन वेगळे लॉक धरून निर्धास्तपणे आत शिरतात.

मी फक्त वाचतो आहे, लिहीत नाही. तरी लॉक लागतो?

दुसरं कुणी लिहीत असेल तर हो. लॉक फक्त आत येणाऱ्याला अडवत नाही. एका थ्रेडने लॉक सोडण्याआधी जे लिहिलं, ते तोच लॉक नंतर घेणाऱ्याला दिसेल, अशी हमीही तो देतो. लॉकशिवाय वाचणाऱ्याला जुनी किंमत दिसू शकते, आणि लूपमध्ये वाचत असेल तर कायमची जुनीच दिसू शकते, कारण कंपायलर ती किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवायला मोकळा असतो. जावात ६४ बिटांचे लाँग आणि डबल 'व्होलाटाइल' (नेहमी ताजी किंमत वाचा असं सांगणारा शब्द) लावलेले नसतील तर त्यांचा अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा असं वाचन होण्याचीही मुभा आहे.

डेडलॉक कसा टाळायचा?

शनिवारच्या प्रयोगाचं तिकीट रविवारच्या प्रयोगाला बदलून द्यायचं आहे. एक थ्रेड शनिवारचा प्लॅन धरून रविवारचा मागतो. दुसरा प्रेक्षक उलटी अदलाबदल करतो आहे. त्याचा थ्रेड रविवारचा धरून शनिवारचा मागतो. दोघेही कायमचे थांबले.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे: सगळीकडे लॉक एकाच क्रमाने घ्या. प्रयोगाचा क्रमांक लहान, त्याचा लॉक आधी. बदल कुठल्याही दिशेने असो, क्रम तोच. प्रोग्राम गोठला तर जे-स्टॅक हे टूल चालवा. कुठल्या थ्रेडने काय धरलं आहे आणि तो कशासाठी थांबला आहे, हे ते नावानिशी सांगतं.

लॉक धरून दुसऱ्याच्या कोडला हाक मारणं हा याहून छुपा धोका आहे. 'तिकीट विकलं' अशी खबर नोंदणी केलेल्या लिसनरना मॉनिटरच्या आतूनच दिली, तर त्यांपैकी एखादा कुठला लॉक मागेल याचा अंदाज तुम्हाला करता येत नाही. आत असताना यादीची प्रत घ्या, बाहेर या, मग कळवा. एका मॉनिटरच्या आतून दुसऱ्यात जाऊन 'वेट' करणंही असंच फसवं असतं, कारण आतल्याचा लॉक सुटतो, बाहेरचा धरलेलाच राहतो.

प्राधान्य उलटणं म्हणजे काय? ते खरंच घडतं?

मंगळावर घडलं आहे. पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. माहितीची बस (यानाच्या भागांमध्ये माहिती नेणारा मार्ग) सांभाळणारं काम उच्च प्राधान्याचं, हवामानाची मोजमापं घेणारं काम कमी प्राधान्याचं, आणि दोघांना एक लॉक सामायिक. हवामानाच्या कामाने लॉक धरलेला असताना मधल्या प्राधान्याचं, बराच वेळ चालणारं संपर्काचं काम सुरू व्हायचं आणि त्याला बाजूला सारायचं. लॉक सुटेना, म्हणून सर्वांत महत्त्वाचं काम सर्वांत मागे राहिलं. ते वेळेत झालं नाही हे पाहून राखणदार यंत्रणा संगणक रीसेट करत होती.

व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्राधान्य वारशाची सोय होती: लॉक धरणाऱ्याला, तो लॉक असेपर्यंत, त्यासाठी थांबलेल्यांतलं सर्वोच्च प्राधान्य मिळतं. त्या लॉकपुरती ती बंद होती. पृथ्वीवर तीच परिस्थिती पुन्हा घडवून कारण शोधलं गेलं, आणि सोय तिथून चालू केली गेली.

मॉनिटरमुळे प्रोग्राम मंदावतो का?

लॉकसाठी कुणी थांबलेलं नसेल तर आजच्या जावात त्याचा खर्च फार थोडा आहे. वेळ जातो तो लॉक धरून केलेल्या लांबलचक कामात. मॉनिटरच्या आत नेटवर्क, फाइल किंवा डेटाबेसची वाट पाहू नका. लॉकचे तुकडे करण्याआधी मोजून पाहा. एका नियमातली फील्ड दोन लॉकमध्ये विभागली तर वेग वाढतो आणि बरोबरपणा जातो.

पायथनमध्ये जीआयएल आहे, मग लॉक कशाला?

जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारा लॉक) इंटरप्रिटरची आतली व्यवस्था सांभाळतो, तुमच्या ऑब्जेक्टचा नियम त्याला माहीत नसतो. 'शिल्लक -= १' यात अनेक बाइटकोड सूचना असतात आणि त्यांच्या मध्ये थ्रेड बदलू शकतो. ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ पासून जीआयएल नसलेली आवृत्तीही प्रायोगिक रूपात मिळू लागली. जीआयएलच्या भरवशावर लिहिलेला कोड तिथे आणखी लवकर उघडा पडेल. थ्रेडिंग मॉड्यूलमधली कंडिशन 'विथ' बरोबर वापरा. तिचं 'वेट-फॉर' अट स्वतःच पुन्हा तपासतं.

इतर भाषांत मॉनिटर कसा मिळतो?

सी-शार्पमध्ये 'लॉक' ब्लॉक आणि मॉनिटर क्लास. 'नोटिफाय'ला तिथे 'पल्स' म्हणतात, आणि 'लॉक' ब्लॉकमध्ये 'अवेट' लिहू दिलं जात नाही. सी++ ११ पासून म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल आहेत, मॉनिटर तुम्ही जुळवायचा. गोमधला म्यूटेक्स रीएंट्रंट नाही: लॉक घेतलेल्या मेथडमधून त्याच ऑब्जेक्टची लॉक घेणारी दुसरी मेथड बोलावली की तो थ्रेड स्वतःलाच अडकवतो. जावाहून येणारे इथे हमखास अडखळतात.

रस्ट मला या सगळ्यांत मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळचं वाटतं. तिथे डेटा म्यूटेक्सच्या पोटात असतो. लॉक घेतल्याशिवाय डेटापर्यंत पोचणारा सरळ कोड कंपाइल होत नाही. कॉन्करंट पास्कलमधली ती जुनी सक्ती तिथे वेगळ्या रूपात परत आली आहे.

व्हर्च्युअल थ्रेडमध्ये सिंक्रोनाइज्ड वापरू नये, हे खरं का?

जावा २१ मध्ये, सप्टेंबर २०२३ ला, व्हर्च्युअल थ्रेड (थोड्या खऱ्या थ्रेडवर जावा स्वतः चालवतं ते हलके थ्रेड) पक्के झाले, तेव्हा सिंक्रोनाइज्डच्या आत अडकून थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडलाही धरून ठेवत असे. म्हणून रीएंट्रंट-लॉक वापरा असा सल्ला दिला गेला. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये ही अडचण जवळजवळ पूर्ण दूर झाली. जुन्या आवृत्तीवर असाल तर तो सल्ला अजून लागू आहे.

सर्व्हर दोन असतील तर मॉनिटर पुरेल का?

नाही. मॉनिटर एका प्रोसेसच्या मेमरीपुरता असतो. दोन सर्व्हरवर प्लॅनच्या दोन प्रती, दोन मॉनिटर, आणि जी-१२ पुन्हा दोघांना. हा नियम डेटाबेसमध्ये न्यावा लागतो: प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर युनिक की ठेवा. दुसरी विक्री डेटाबेसच नाकारेल.

कोड बरोबर आहे हे तपासायचं कसं?

नेहमीच्या युनिट टेस्ट इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. २००३ मध्ये वीज गेली तेव्हा गप्प पडलेल्या त्या यंत्रणेची प्रणाली ठिकठिकाणी मिळून ३० लाखांहून अधिक तास चालली होती आणि तोवर तो दोष एकदाही दिसला नव्हता, असं ती बनवणाऱ्यांनीच सांगितलं. मिलिसेकंदांच्या फटीत बसलेली चूक टेस्ट हिरवी झाली म्हणून नाहीशी होत नाही.

त्यामुळे टूल आणि वाचन दोन्ही लागतात. गोमध्ये रेस डिटेक्टर चालू करून टेस्ट चालवा, सी++ साठी थ्रेड सॅनिटायझर आहे, जावासाठी ओपन-जेडीकेचं जेसीस्ट्रेस. जावात प्रत्येक शेअर्ड फील्डवर 'गार्डेड-बाय' ॲनोटेशन लिहा, म्हणजे ते फील्ड कुठल्या लॉकखाली आहे हे तिथेच नोंदलं जातं आणि एरर-प्रोन हे टूल कंपाइल करतानाच उल्लंघन पकडतं. कोड रिव्ह्यू करताना एक एक फील्ड घ्या आणि विचारा: याला कोण कोण हात लावतं, आणि त्या प्रत्येक वेळी हातात कुठला लॉक असतो? दोन ठिकाणी दोन उत्तरं आली, की तिथे थांबून आधी तेच दुरुस्त करा.